साथीच्या काळात स्पायरोमेट्री सुरू ठेवायची तर फिल्टर, खोलीतली हवा आणि वेळ यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न: सांगली_छाती_क्लिनिक

नमस्कार. आमचं छातीरोगाचं छोटं क्लिनिक आहे. पीएफटीची (फुप्फुसांच्या कामाच्या तपासणीची, मुख्यतः स्पायरोमेट्रीची, म्हणजे नळीत फुंकून श्वास मोजण्याची) खोली १२ बाय १० फूट, छत १० फुटांवर. स्प्लिट एसी आहे आणि एसीमुळे एकुलती एक खिडकी बंद असते. दार थेट पेशंट बसतात त्या पॅसेजमध्ये उघडतं. मशीन लॅपटॉपला जोडायचं, जाळीच्या न्यूमोटॅकचं (श्वासाचा प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरचं). टेक्निशियन एकच.

श्वसनाच्या आजाराची २०२० सारखी साथ पुन्हा आली तर तपासणी पूर्ण बंद ठेवावी लागू नये, पण टेक्निशियनला आणि पुढच्या पेशंटला धोकाही नको, अशी व्यवस्था आताच लावायची आहे. चार गोष्टी विचारायच्या आहेत. भूलतज्ज्ञ वापरतात ते एचएमई फिल्टर (श्वासातली ऊब आणि ओलावा धरून ठेवणारे) आमच्याकडे भरपूर आहेत, ते चालतील का? दोन पेशंटमध्ये किती वेळ ठेवायचा? हायपोक्लोराइट फवारून खोली निर्जंतुक केली तर हा वेळ कमी होईल का? आणि कोणत्या पेशंटची तपासणी पुढे ढकलता येते?

---

उत्तर १: पीएफटी_ताई_पुणे

फिल्टरपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

एचएमई फिल्टर वापरू नका. भूल देताना लागणारे फिल्टर मिनिटाला ३० लिटरच्या आसपास प्रवाह धरून तपासलेले असतात. पाकिटावरचा ९९.९ टक्के हा आकडा त्या संथ प्रवाहाचा असतो. स्पायरोमेट्रीत धडधाकट पुरुष सेकंदाला १० लिटरने फुंकतो, म्हणजे मिनिटाला ६०० लिटर. इतक्या वेगात तोच फिल्टर तितकंच अडवेल याची खात्री त्या पाकिटावरून मिळत नाही. युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीच्या गटाने २०२० मध्ये कोविडसाठी सूचना काढल्या, त्यात फिल्टरची क्षमता मिनिटाला ६०० ते ७०० लिटर प्रवाहावर सिद्ध झालेली असावी असं स्पष्ट म्हटलं आहे. पुरवठादाराकडे नेमका हाच कागद मागा. 'बॅक्टेरियल-व्हायरल' एवढा शिक्का पुरेसा नाही. आणि पुठ्ठ्याची साधी नळी म्हणजे फिल्टर नव्हे, तिने काहीच अडत नाही.

एचएमईची दुसरी अडचण रोधाची, म्हणजे हवेच्या वाटेतल्या अडथळ्याची. त्यात ओलावा धरून ठेवणारा थर असतो, जोरात फुंकलं की तो आडवा येतो. मशीन, फिल्टर आणि नळी धरून एकूण रोध सेकंदाला १४ लिटर प्रवाहापर्यंत १.५ सेंटिमीटर पाणी प्रति लिटर प्रति सेकंद यापेक्षा कमी हवा. तो वाढला की पीक फ्लो (फुंकेचा सर्वोच्च वेग) खाली येतो, वक्राचं टोक बसकं दिसतं आणि रिपोर्ट वाचणाऱ्याला वाटतं की पेशंटने जोरच लावला नाही किंवा वरच्या श्वासनलिकेत अडथळा आहे.

रोजचं कॅलिब्रेशन तपासताना फिल्टर लावूनच ३ लिटरची सिरिंज जोडा. फिल्टरशिवाय तपासायचं आणि पेशंटला फिल्टर द्यायचा, ही पद्धत चुकीची. कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन वेगांनी सिरिंज ढकला. सेकंदाला ०.५ ते १२ लिटर ही पूर्ण कक्षा त्यात यायला हवी: एकदा सहा सेकंद घेत सावकाश, एकदा दीडेक सेकंदात, एकदा अर्ध्या सेकंदाच्या आत. प्रत्येक वेळी आकडा २.९१ ते ३.०९ लिटरमध्ये आला पाहिजे. फिल्टरची कंपनी बदलली तर त्याच दिवशी पुन्हा तपासा. सिरिंजलाही रोज नवा फिल्टर, नाहीतर तीच वाहक ठरते.

आता मुख्य मुद्दा. फिल्टर मशीनला आणि पुढच्या पेशंटला वाचवतो. टेक्निशियनला तो जवळजवळ वाचवत नाही. खोलीत जे सुटतं ते ओठांच्या कडेने, आणि त्याहून जास्त नळी तोंडातून काढल्यावर येणाऱ्या खोकल्यातून. म्हणून मास्क काढलेला काळ जितका कमी तितकं बरं. नाव, उंची, वजन, माहिती, प्रात्यक्षिक हे सगळं मास्क असताना आणि शक्यतो खोलीबाहेर उरका. टेक्निशियनने स्वतः मास्क काढून फुंकून दाखवायचं नाही, मोबाइलवर व्हिडिओ दाखवा. आत आल्यावर मास्क खाली, नाकाला चिमटा, नळी तोंडात, ओठ घट्ट, पूर्ण श्वास आत, फुंक, आणि फुंक संपल्यावर नळी तोंडातच ठेवून पुन्हा पूर्ण श्वास आत. मग चिमटा काढून लगेच मास्क वर. दोन फुंकांमधली विश्रांती मास्कमध्येच.

खोकला आला तर नळी सोडायची नाही, ओठ आवळून फिल्टरमध्येच खोकायचं, हे आधीच सांगून ठेवा. ती फुंक बहुधा बाद होईल, पण खोकला खोलीत येणार नाही. बेडका पडला किंवा फिल्टर ओला झाला तर तो बदला, ओल्या फिल्टरचा रोध वाढतो.

टेक्निशियनने पेशंटच्या समोर बसू नये. बाजूला, थोडं मागे, स्क्रीन दिसेल असं बसावं. एन-९५ सील तपासून घातलेला आणि वर फेसशील्ड. एन-९५ मधून 'फुंका, फुंका, अजून अजून' नीट ऐकू जात नाही, म्हणून हाताच्या खुणा ठरवून घ्या. जास्तीत जास्त आठ प्रयत्नांची मुभा असते, पण साथीत तीन फुंका नियमात बसल्या आणि सगळ्यात चांगल्या दोन फुंकांमधला फरक १५० मिलिलिटरच्या आत आला की तिथेच थांबा. आकडा अजून थोडा वाढेल म्हणून चौथी-पाचवी फुंक मागू नका.

---

उत्तर २: हवा_आणि_यंत्र_ठाणे

मी बायोमेडिकल बाजूचा आहे, हवेबद्दल सांगतो. तुमच्या वर्णनात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती बंद खिडकीची. स्प्लिट एसी बाहेरची हवा घेत नाही, खोलीतलीच हवा थंड करून फिरवत राहतो. अशा बंद खोलीत तासाला एकदाही पूर्ण हवा बदलत नसेल.

किती वेळ थांबायचं याचं गणित सोपं आहे. हवेतल्या कणांपैकी ९९ टक्के निघून जायला लागणारी मिनिटं म्हणजे २७६ भागिले तासाला होणारे हवाबदल. तासाला १ बदल असेल तर साडेचार तासांहून जास्त. ६ असतील तर ४६ मिनिटं. १२ असतील तर २३ मिनिटं. हवा सगळीकडे सारखी मिसळते असं यात गृहीत धरलेलं आहे, खऱ्या खोलीत कोपरे साचलेले राहतात. त्यामुळे आलेल्या आकड्यावर निदान एक तृतीयांश वेळ वाढवून घ्या.

तुमच्या खोलीचं घनफळ १,२०० घनफूट, म्हणजे ३४ घनमीटर. खिडकीच्या वरच्या झडपेत एक्झॉस्ट बसवा. पंख्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो, जाळी, पाइप आणि धूळ यांमुळे प्रत्यक्षात तो बराच घटतो. म्हणून तासाला ६ बदलांसाठी २०४ घनमीटर लागत असले तरी छापील ४०० च्या खालचा पंखा घेऊ नका. दाराखाली एखाद इंच फट ठेवा. हवा आत यायला वाट नसेल तर एक्झॉस्ट नुसता गरगरतो. त्या फटीशी टिश्यूची पट्टी धरा. पट्टी आतल्या बाजूला झुकली तर खोलीतली हवा पॅसेजमध्ये जात नाही, हे तुमच्यासाठी फार महत्त्वाचं, कारण तिथे पेशंट बसतात. एक्झॉस्टचं तोंड जिन्यात किंवा शेजारच्या खिडकीकडे नको.

बसण्याची दिशा अशी: दाराकडून ताजी हवा, मग टेक्निशियन, मग पेशंट, मग एक्झॉस्ट. अनेक ठिकाणी उलटं असतं, पेशंट दाराजवळ आणि टेक्निशियन लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात. त्यात पेशंटचा श्वास टेक्निशियनवरून बाहेर जातो.

प्रत्यक्षात किती हवाबदल होतात ते कार्बन डायऑक्साइड मीटरने मोजता येतं. एनडीआयआर सेन्सरचा (इन्फ्रारेड प्रकाशाने वायू मोजणारा) आणि नोंद साठवणारा मीटर घ्या. पंखा बंद, दार बंद करून तीन-चार जणांनी आत बसायचं, आकडा १,६०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) आसपास गेला की सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि एक्झॉस्ट सुरू करायचा. माणसं आत राहिली तर मोजणी बाद. बाहेरची हवा साधारण ४२० धरा. म्हणजे जादा होते १,१८०. हे जादा घटून ३७ टक्क्यांवर, म्हणजे एकूण आकडा ८५५ च्या आसपास, यायला जितकी मिनिटं लागतील त्यांनी ६० ला भागा. दहा मिनिटं लागली तर तासाला ६ बदल. तीच दहा मिनिटं गुणिले ४.६ म्हणजे ४६ मिनिटं थांबायचं. ही मोजणी पावसाळ्यात वेगळी आणि उन्हाळ्यात वेगळी येते, वारा आणि खिडक्या बदलतात.

हेपा प्युरिफायर ठेवला तर त्याचं काम या मीटरवर दिसणार नाही, कारण तो कण अडवतो, वायू नाही. त्याचा हिशोब वेगळा: सीएडीआर (प्युरिफायर तासाला किती स्वच्छ हवा देतो तो आकडा) भागिले खोलीचं घनफळ. तासाला २५० घनमीटरचा प्युरिफायर तुमच्या खोलीत सातेक बदलांची भर घालतो. एक्झॉस्टचे ६ धरून १३ झाले, म्हणजे २१ मिनिटं, आणि वाढीव वेळ धरून अर्धा तास. सीएडीआर सर्वोच्च वेगाचा असतो. आवाज होतो म्हणून कमी वेगावर चालवला तर हा हिशोब कोलमडतो.

---

उत्तर ३: डॉ_श्वासपथ_नाशिक

कोण थांबू शकतो, याबद्दल.

ज्याच्या रिपोर्टवरून उद्याचा निर्णय बदलणार आहे, त्याचीच तपासणी. फुप्फुसाचा भाग काढायची शस्त्रक्रिया ठरली आहे, ब्लिओमायसिनसारखं फुप्फुसांना इजा करू शकणारं कॅन्सरचं औषध सुरू आहे, आयएलडीमध्ये (फुप्फुसांच्या ऊतींना सूज येण्याच्या किंवा व्रण पडण्याच्या आजारांत) औषध चालू ठेवायचं की बदलायचं हे ठरायचं आहे, किंवा दम का लागतो ते इतर तपासण्यांनी कळत नाही. अशांना साथीतही बोलवावं. स्थिर दम्याचा नेहमीचा फॉलोअप, नोकरीपूर्व प्रमाणपत्र, कारखान्यातल्या कामगारांचं शिबिर हे सगळं पुढे जाऊ शकतं. शिबिरात एका बंद हॉलमध्ये एकामागून एक पन्नास-साठ जण फुंकतात. साथ नसतानाही ही पद्धत मला मान्य नाही, साथीत तर मुळीच नाही.

दम्याचा संशय असेल तर पेशंटला स्वतःचा पीक फ्लो मीटर घ्यायला सांगा. सकाळ-संध्याकाळ तीन-तीन फुंका, त्यांतली मोठी लिहायची, दोन आठवडे. रोजचा सर्वात मोठा आणि सर्वात लहान आकडा यांतला फरक भागिले त्यांची सरासरी, आणि या रोजच्या टक्क्यांची दोन आठवड्यांची सरासरी. मोठ्या माणसात ती १० टक्क्यांच्या वर गेली तर दम्याच्या बाजूने पुरावा मिळतो. मीटर घरात दोघांनी मिळून वापरायचा नाही. सीओपीडीचं (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचं) निदान मात्र पीक फ्लोवर करू नका. त्यासाठी श्वासनलिका मोकळी करणारं औषध दिल्यानंतरचं एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा) आणि एफव्हीसी (पूर्ण फुंकेत बाहेर पडलेली एकूण हवा) यांचं गुणोत्तर लागतंच. तोवर लक्षणांवर उपचार सुरू करून तपासणीची तारीख ठरवून ठेवा. ती तारीख वहीत हवी, नाहीतर पेशंट वर्षानुवर्षं कच्च्या निदानावर इनहेलर ओढत राहतो.

आदल्या दिवशी फोन: ताप, नवा खोकला, घसा, घरात कुणी आजारी? असेल तर पुढे ढकला. आरटीपीसीआर निगेटिव्ह आली म्हणून मास्क आणि हवेचा वेळ यांत सूट द्यायची नाही. कोविड होऊन गेलेल्यांसाठी त्या युरोपीय सूचनांमध्ये किमान ३० दिवस थांबायला सांगितलं होतं.

आपल्याकडे एक गोष्ट साथीच्या गडबडीत मागे पडते, ती म्हणजे टीबी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी एक्स-रे आणि थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी), मग स्पायरोमेट्री. अमेरिकन आणि युरोपीय श्वसनसंस्थांच्या (एटीएस-ईआरएस) २०१९ च्या मानकातही संसर्गजन्य आजाराचा, टीबी धरून, संशय असेल तर ही तपासणी टाळायला सांगितलं आहे. रक्ताची थुंकी, आठवड्याच्या आतला हार्ट अटॅक, चार आठवड्यांच्या आतली छाती-पोटाची शस्त्रक्रिया हे नेहमीचे प्रश्न फोनवरच विचारून घ्या, म्हणजे पेशंट उगाच दारापर्यंत येत नाही.

औषध देऊन पुन्हा मोजताना नेब्युलायझर नको. सालब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅमचे चार पफ, एकेक करून, त्या पेशंटच्याच स्पेसरमधून (इनहेलरला जोडायच्या पोकळ नळीतून). हे खोलीत न करता गच्चीत किंवा मोकळ्या व्हरांड्यात करा आणि १० ते १५ मिनिटं त्याला तिथेच मास्क लावून बसवा. त्याचाच फिल्टर दुसऱ्या फेरीला चालतो. नाव लिहिलेल्या कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत तो ओलाच राहतो. तो मधल्या वेळात बाहेर असताना दुसऱ्या पेशंटला आत घेण्याचा मोह होतो. घेऊ नका, एका वेळी एकाच पेशंटची खोली.

केमोथेरपीवरचे किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले पेशंट सकाळी पहिले, खोकला जास्त असलेले शेवटी.

---

सांगली_छाती_क्लिनिक

तिघांचेही मनापासून आभार. एक्झॉस्ट आणि प्युरिफायर तात्पुरते लावून पाहिले. एक नवीन अडचण: एफव्हीसीचा ग्राफ शेवटी सपाट होत नाही, १२-१३ सेकंदांनंतरही हळूहळू चढत राहतो, अगदी निरोगी माणसातसुद्धा. सिरिंजचे आकडे मात्र बरोबर येतात. आणि हायपोक्लोराइटचं काय?

---

उत्तर ४: पीएफटी_ताई_पुणे

तो चढता ग्राफ प्युरिफायरच्या वाऱ्याचा आहे, जवळजवळ नक्की. न्यूमोटॅक फुंक सुरू होण्याआधी शून्य ठरवतो. त्या क्षणी जाळीतून थोडा जरी वारा गेला तरी मशीन त्यालाच शून्य समजतं, आणि मग प्रत्येक सेकंदाला तेवढी चूक आकारमानात मिळत जाते. सेकंदाला २० मिलिलिटर म्हणजे डोळ्यांना काहीच नाही, पण १५ सेकंदांत ३०० मिलिलिटर झाले. एफव्हीसी फुगतो, गुणोत्तर खाली येतं आणि निरोगी माणूस अडथळ्याचा पेशंट ठरतो. वाऱ्याची दिशा उलटी असेल तर एफव्हीसी कमी दिसतो. सिरिंजचा जलद धक्का अर्ध्या सेकंदात संपतो, त्यात ही चूक लपून जाते. टर्बाइनच्या मशीनमध्ये तर वाऱ्याने पातं आपोआप फिरायला लागतं.

तपासायचं असं: फिल्टर लावा, सेन्सर हातात स्थिर धरा, कुणी फुंकू नका, चाचणी सुरू करून १५ सेकंद बघा. आकारमानाची रेघ सपाट राहिली पाहिजे. मशीन शून्य घेतं तेव्हा फिल्टरचं तोंड स्वच्छ हातमोज्याच्या तळव्याने बंद करा. प्युरिफायरचं तोंड सेन्सरकडे नको, भिंतीकडे वळवा. एसीची झडप वर करा, टेबल फॅन खोलीतून काढाच. इतकं करूनही रेघ हलली तर फुंकेपुरता प्युरिफायर थांबवा, पण मास्क वर गेल्याबरोबर पुन्हा पूर्ण वेगावर. एक्झॉस्ट बंद करायचा नाही.

खिडकी उघडल्यावर तापमानही बदलतं. मशीनमध्ये खोलीचं तापमान हाताने भरावं लागत असेल तर सकाळी एसीत भरलेले २४ अंश दुपारी ३३ अंशांच्या खोलीत चालणार नाहीत, बीटीपीएसची (हवेचं आकारमान शरीराच्या तापमानाला धरून मोजण्याची) दुरुस्ती चुकते. दर पेशंटआधी थर्मामीटर पाहा. सिरिंजही मशीनशेजारीच ठेवा, उन्हात किंवा कपाटात नको.

हायपोक्लोराइट फवारू नका. फवारल्याने हवेतला थांबण्याचा वेळ कमी होत नाही, कारण तो वेळ हवा बदलण्यावर ठरतो. उलट क्लोरीनच्या वासाने दम्याच्या पेशंटची श्वासनलिका आवळते, आणि मग तुम्ही मोजता तो त्याचा आजार की तुमच्या खोलीचा परिणाम, हे कळायला मार्ग नाही. फॉगिंगलाही हेच लागू. यूव्ही दिव्याचा प्रकाश जिथे थेट पडतो तिथेच काम होतं, सावलीत नाही, आणि माणूस आत असताना तो लावता येत नाही.

खुर्चीचे हात, टेबल, दाराची मूठ यांना ०.१ टक्का हायपोक्लोराइट पुरतं: बाजारात ५ टक्क्यांचं मिळत असेल तर १ भाग ते आणि ४९ भाग पाणी, रोज ताजं, कपड्याने पुसून, मग साध्या पाण्याचा हात. धातूला आणि सेन्सरला ते लावायचं नाही. सेन्सरचं बाहेरचं आवरण ७० टक्के अल्कोहोलच्या पुसणीने, उत्पादकाच्या पुस्तिकेत चालतं म्हटलं असेल तरच. जाळी भिजवून धुतली असेल तर पूर्ण सुकल्याशिवाय आणि सिरिंजने पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नका. ओली जाळी जास्त आकडे दाखवते. नाकाचे चिमटे एकदाच वापरायचे. फिल्टर, चिमटे आणि टिश्यू जैववैद्यकीय कचऱ्यात.

---

उत्तर ५: लेस्टरकर

मी इथे इंग्लंडमध्ये श्वसन प्रयोगशाळेत काम करते. वरचं सगळं पटलं, फक्त पुढे डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो याची मोजणी) किंवा बॉडी बॉक्स (पेशंटला आत बसवून फुप्फुसातली एकूण हवा मोजायची बंद पेटी) घ्यायचा विचार असेल तर दोन गोष्टी आधीच लक्षात असू द्या.

डीएलसीओत फिल्टरचं आकारमान मृत जागेत (जिथे वायूची देवाणघेवाण होत नाही अशा जागेत) धरावं लागतं. व्हॉल्व्ह, फिल्टर आणि नळी मिळून मोठ्या माणसासाठी २०० मिलिलिटरच्या आत हवं, हे २०१७ च्या मानकात आहे. सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फिल्टरचा आकडा तसाच राहिला आणि साथीत मिळेल तो दुसरा, मोठा फिल्टर लावला, तर अल्व्हिओलर आकारमान (फुप्फुसातल्या वायुकोशांतल्या हवेचं) चुकतं आणि त्याबरोबर डीएलसीओही. साथीत पुरवठा तुटला की फिल्टर हमखास बदलतात, म्हणून मशीनवर चालू फिल्टरचं नाव आणि मिलिलिटर लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ठेवा. कोविडनंतर दम लागणाऱ्यांमध्ये अनेकदा स्पायरोमेट्री ठीक येते आणि डीएलसीओ कमी असतो, त्यामुळे नेमक्या याच पेशंटांमध्ये ही चूक महागात पडते. हिमोग्लोबिनची दुरुस्तीही विसरू नका.

बॉडी बॉक्सची काच बहुधा अॅक्रिलिकची असते. तिला अल्कोहोल लावलं की बारीक तडे जातात, तिथे सौम्य साबणाचं पाणी आणि उत्पादकाने मान्य केलेली पुसणीच. आतली हवा दार लावलं की साचते, म्हणून पेशंट गेल्यावर बॉक्सचं दार उघडं ठेवून खोलीचा ठरलेला वेळ मोजायला सुरुवात करायची. पेशंटमागे दार पुन्हा लागलं असेल तर तो वेळ दार उघडल्यापासून धरायचा, पेशंट बाहेर पडल्यापासून नाही. आणि बॉक्समध्ये दाब मोजायचा असतो, त्यामुळे एक्झॉस्ट मध्येच चालू-बंद झाला किंवा कुणी खोलीचं दार उघडलं तर ग्राफ हलतो. मोजणी सुरू असताना बाहेर 'दार उघडू नये' अशी पाटी लावा, निदान तेवढ्या पाच मिनिटांपुरती.